डावा कान

उजवा उभा राहिला साडेतीन महिन्यांची असताना,
एका सकाळी, कुणाला न विचारता.
डावा अजून अर्ध्यावर दुमडतो,
लग्नपत्रिकेच्या पाकिटाचं झाकण जसं.

कागदावर हिचं नाव आठ शब्दांचं,
आजोबा-पणजोबांसकट.
आम्ही कांडी म्हणतो.
वडिलांचा दिवाळीचा बोनस
आणि माझ्या स्कूटीसाठी साठवलेले पैसे
मिळून ही आली.
शो जानेवारीत, गड्ड्याच्या आधीच्या रविवारी.

डॉक्टर म्हणाले, दुधाचे दात पडतायत,
अंगातला सगळा चुना सध्या तिकडं चाललाय.
थांबा. नाहीतर टेप लावा.
थांबणं आमच्या घरात कुणाला येत नाही.

मग नव्या पेठेतून केस कुरळे करायचे रोलर,
फोमचे, गुलाबी, सहाचं पाकीट.
दुकानदारानं माझ्या तेल चोपडलेल्या वेणीकडं बघितलं.
मी काही बोलले नाही.

गुंडाळायचं काम आईकडं.
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं.
पान ओलं असलं की वळतं, ती म्हणते,
कान ओला असला की सुटतं.
म्हणून आधी कारखान्यातल्या सेकंड मालाच्या टॉवेलनं पुसणं,
मग रोलर, मग कागदी टेप, खालून वर,
आणि शेवटी नखानं तोंड दुमडून बंद.
हे शेवटचं लागत नाही. सवय.
पंचविसाची जुडी बांधायला
बाकीचे चोवीस कान
तिचे हात क्षणभर शोधतात.

"अँटेना कशाला बे?" समोरचा अंबण्णा विचारतो,
"चॅनल लागतंय का?"

कांडी कडक भाकरी चावत बसते,
हिरड्या शिवशिवतात तिच्या,
चवीला नाही, चावायला.
पाण्याच्या दिवशी पिंपं भरताना मधेमधे येते,
भिजते, आणि टेप गटारात.
पुन्हा पहिल्यापासून.

रात्रपाळी नसली की वडील तिला मांडीवर घेतात.
एकतीस वर्षं जॉबर.
कानाच्या मुळाशी अंगठा फिरवतात
ताण्यातला तुटका धागा चाचपावा तसं.
माझ्याशी मराठीत बोलतात, तिच्याशी तेलुगूत:
निलबडु, तल्ली, निलबडु.
उभा राहा, असं कानाला सांगायचं,
आणि तेही मोठ्यानं. ती डोळे मिटून घेते.
त्यांच्या डाव्या बाजूनं कुणी बोललं तर
ते हसून मान हलवतात,
हो म्हणाले की नाही, ते आपण ठरवायचं.

परवा रात्री तीनला लाईट गेली.
सगळे माग एका दमात गप्प,
अशोक चौकापासून पार आमच्या बोळापर्यंत.
टेप काढलेला दिवस होता,
कातडी लाल झाली म्हणून हवेला मोकळा ठेवलेला कान.
वडील दचकून उठले.
आवाजात झोपणारा माणूस,
त्याला शांतताच हलवून जागं करते.
मोबाईलच्या उजेडात
कांडी उंबऱ्यात उभी होती,
आणि कान
दोन्ही.
डावा टोकाशी थरथरत, पण सरळ,
बोळाच्या पलीकडं कशाला तरी लावलेला.

"पाणी आलं काय?" आईनं झोपेतच विचारलं.

"काय ऐकतीय गं ती?"
वडिलांनी विचारलं, माग बंद असून
मागांवरून ओरडल्यासारखं.
मीही ऐकायला गेले.
कुणाचा तरी खोकला, लांब कुठंतरी.
मग तोही नाही.
"सांग की!"
काही नाही, म्हणाले,
मग त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन पुन्हा:
काही नाही.

लाईट आली. एकेक शेड खडखडत सुरू झालं.
ते लगेच झोपले.

सकाळी पाकीट मिटलेलं, म्हणजे डावा.
आईनं टॉवेल घेतला.
रोलर दोन उरलेत.